आधी कीर्द, मग खतावणी

२०२४ च्या फेब्रुवारीत, तुरीची आवक भरात असताना, लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात भर दुपारी लाईट गेली आणि लगेच आली. मधे दोन-तीन सेकंद गेले असतील. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती, त्यामुळे संगणकही बंद पडून पुन्हा चालू झाला. विंडोज आलं, पण पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीचं, सॉफ्टवेअर उघडेना. शेअर केलेल्या फोल्डरमधल्या ज्या एका फाइलवर ते चालायचं, ती फाइल तुटली होती. बरीच खटपट करून ती उघडली तेव्हा तिच्यात शेवटचे तीन दिवस नव्हते.

मुनीमजींनी ते तीन दिवस कार्बनच्या प्रतींवरून पुन्हा भरले. दुकान बंद झाल्यावर, सलग दोन रात्री, अकरा-साडेअकरापर्यंत बसून.

दुकानाचे मालक माझ्या वडिलांच्या ओळखीचे. मी पुण्यात सहा वर्षं वेब ॲप्लिकेशन्स लिहून तेव्हा नुकतीच लातूरला परत आले होते. त्यांनी बोलावून विचारलं, "नवीन करून देशील का? पण टिकायला पाहिजे." मी हो म्हणाले, आणि घरी येईपर्यंत पहिला प्रश्न डोक्यात बसला होता: करायचं कशात?

जुन्या सॉफ्टवेअरबद्दल आधी सांगते, कारण पुढच्या सगळ्या तुलनेत माझं माप तेच होतं. ते व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं. ही आवृत्ती १९९८ ची. तिच्यात प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाचा आधार एप्रिल २००८ मध्येच संपला, पण बनवलेले प्रोग्रॅम विंडोज १० वरही चालतात. दुकानात ते २००३ पासून चालू होतं. ज्यानं लिहिलं तो गाव सोडून गेलेला, मूळ कोड कुणाकडेच नाही. तरी एकवीस वर्षं त्यानं पट्ट्या काढल्या. मुनीमजींची बोटं त्यावर अशी फिरायची की नजर शेतकऱ्याकडे आणि हात कीबोर्डवर. नाव, एंटर, गाव, एंटर, कट्टे, एंटर, वजन, एंटर, भाव, एंटर, एफ५, पट्टी बाहेर. मी घड्याळ लावून बघितलं: सरासरी अठ्ठावीस सेकंद. माऊस टेबलाच्या कोपऱ्यात उलटा पडलेला असायचा. पुण्यात आम्ही महिनोन्महिने खपून जे स्क्रीन बनवायचो, त्यांतला एकही या वेगाच्या जवळपास जात नव्हता, हे मला त्या दुकानात बसून कळलं.

चार दिवस मी नुसती बसून राहिले आणि वहीत लिहीत गेले. लाईट गेली तरी अर्धवट पट्टी राहता कामा नये. नेट नसलं तरी सौदा झालेल्या मालाची पट्टी निघाली पाहिजे. काट्यावरचं वजन हातानं न भरता थेट यावं, कारण तिथंच चुका होतात आणि तिथंच भांडणं. पट्टी मराठीत, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, कार्बनसह, कारण एक प्रत शेतकऱ्याला आणि एक दुकानात राहते. हमाली, तोलाई, आधी दिलेली उचल, सगळं पट्टीवर दिसलं पाहिजे. मालक सोलापूरला असोत की पुण्याला, त्यांना संध्याकाळी मोबाइलवर दिवसाचा हिशोब हवा. आणि काट्याजवळच्या खोलीतला संगणक बदलायचा नाही. तो विंडोज ७ वर चालणारा, २ जीबी रॅमचा, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा. त्या खोलीत इतकी धूळ की नवीन संगणक ठेवायची मालकांची तयारी नव्हती, आणि त्यांचं मला पटलं.

फ्रेमवर्क म्हणजे सॉफ्टवेअर बांधायचा तयार सांगाडा. इंटरनेटवर फ्रेमवर्कच्या तुलनेचे तक्ते पुष्कळ आहेत. मीही आठवडाभर तेच वाचत होते. पण त्या तक्त्यांत कार्बनची पट्टी नसते, धूळ खाल्लेला विंडोज ७ नसतो. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला. पट्टीचा एकच स्क्रीन, तोच, प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये लिहायचा. प्रत्येकाला चार दिवस. मग तो काट्याच्या संगणकावर चालवायचा, पट्टी छापायची, काट्याचं वजन घ्यायचं, आणि शेवटी पट्टी जतन होत असतानाच भिंतीतला प्लग ओढायचा. चाचणीची पट्टी ठरलेली: सोयाबीन, १२ क्विंटल ४७ किलो, भाव ४,८९२ रुपये. तो त्या वर्षीचा हमीभाव. रक्कम ६१,००३ रुपये २४ पैसे आली पाहिजे. उन्हाळ्यात आवक मंदावल्यावर मालकांनी तो संगणक आणि एक प्रिंटर माझ्या घरी न्यायची परवानगी दिली.

पहिला नंबर इलेक्ट्रॉनचा, कारण मला जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा येत होती. गिटहबनं आपल्या ॲटम या एडिटरसाठी २०१३ मध्ये जे बनवलं, त्यालाच पुढे इलेक्ट्रॉन हे नाव मिळालं. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटरही त्याच्यावरच चालतो. कल्पना सोपी आहे: क्रोमियम ब्राउझर आणि नोड (जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारा प्रोग्रॅम) हे दोन्ही तुमच्या ॲप्लिकेशनच्या पोटात घालून द्यायचे. त्यामुळे वेबचं सगळं ज्ञान डेस्कटॉपवर वापरता येतं, सीरियल पोर्टशी (काट्यासारखी यंत्रं जोडायच्या जुन्या खाचेशी) बोलता येतं, फाइली लिहिता येतात. दीड दिवसात माझा स्क्रीन तयार झाला आणि दिसायला देखणा होता. पण पोटात अख्खा ब्राउझर म्हटल्यावर वजन येणारच. रिकामी खिडकी उघडली तरी शंभर एमबीच्या वर मेमरी जाते, आणि २ जीबीच्या संगणकावर विंडोजनं स्वतःचं घेतल्यावर उरतं किती? त्याहून मोठी अडचण वेगळी होती. विंडोज ७ वर चालणारी इलेक्ट्रॉनची शेवटची आवृत्ती २२. तेविसाव्यापासून विंडोज ७ सुटलं, आणि २२ ला दुरुस्त्या मिळणंही २०२३ मध्येच थांबलं. म्हणजे २०२४ मध्ये नवीन काम मी थांबलेल्या आवृत्तीवर सुरू करणार. ज्याला टिकायचंय त्याचा पाया असा घालता येत नाही. नवे संगणक असते तर मी इलेक्ट्रॉन घेतलंही असतं.

टाउरीनं हाच प्रश्न उलट्या बाजूनं सोडवलाय. ब्राउझर सोबत द्यायचाच नाही, विंडोजमध्ये वेबपान दाखवणारा जो भाग, वेबव्ह्यू, असतो तोच वापरायचा. पाठीमागचा भाग रस्ट भाषेत. त्यामुळे इन्स्टॉलर दहा एमबीच्याही आत बसतो. मी जून २०२२ मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीच्या मालिकेवर काम केलं. दुसरी २०२४ च्या ऑक्टोबरात आली, तोपर्यंत माझा निर्णय झाला होता. रस्टनं मला खूप शिकवलं. कोणता डेटा कुणाच्या ताब्यात आहे याचा हिशोब कंपायलर इतक्या कडकपणे मागतो की चार दिवसांतले तीन त्यातच गेले. चूक माझी होती, भाषेची नाही, पण दुकानाचं काम एकटीनं सांभाळायचं असताना मला न येणाऱ्या भाषेत पाया घालणं धोक्याचं वाटलं. शिवाय विंडोज ७ वरचा वेबव्ह्यूही १०९ व्या आवृत्तीवर थांबलेला.

मग फ्लटर. गूगलचं, डार्ट भाषेतलं. मोबाइलसाठी ते २०१८ च्या डिसेंबरात स्थिर झालं आणि विंडोजसाठी २०२२ च्या फेब्रुवारीत. माझं आकर्षण हे की मालकांच्या मोबाइलचं ॲप आणि काउंटरचं डेस्कटॉप एकाच कोडमधून होईल. फ्लटर बटणापासून अक्षरापर्यंत प्रत्येक गोष्ट स्वतः रंगवतं, त्यामुळे सगळीकडे सारखं दिसतं. स्क्रीनवर मराठी अगदी नेटकं आलं. मी खूश होऊन पट्टी छापायला गेले.

कागदावर 'किलो'चा 'कलिो' झाला होता.

ज्यांनी मराठी संगणकावर छापलंय त्यांना हे दुखणं माहीत आहे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनाच्या मागून येते, युनिकोडमध्येही (संगणकासाठी सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यातही) मागूनच साठवली जाते, पण कागदावर ती व्यंजनाच्या आधी काढावी लागते. जोडाक्षरं तर वेगळीच जुळवावी लागतात. हे काम फॉन्ट एकटा करत नाही. अक्षरं जुळवणारं एक वेगळं इंजिन लागतं. मी छपाईसाठी जी तयार लायब्ररी घेतली होती तिच्यात ते नव्हतं. एकेक अक्षर उचलून ती शेजारी ठेवत होती. इंग्रजीला तेवढं पुरतं. आमच्या 'शेतकऱ्याचे नाव' या ओळीचे तर तिनं तुकडेच केले. ज्या माणसाच्या मालाची ती पट्टी, त्याचंच नाव मोडकं. 'चालतंय, समजतं की' असं म्हणून हे मी सोडून देऊ शकत नव्हते. शेतकरी ती पट्टी जपून ठेवतो, बँकेत दाखवतो, भावकीच्या वाटणीत दाखवतो.

त्या दिवसापासून वहीत एक नवी कसोटी आली आणि तीच सगळ्यात वर गेली: अक्षर कोण जुळवतं? यासाठी बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाचं इंजिन वापरलं जातं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस, सगळ्यांत ते आहे. नाव फारसीतून घेतलेलं: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. मी हे मुनीमजींना सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "हर्फ म्हणजे अक्षरच की. आमचे आजोबा उर्दूत शिकलेले. 'एक हर्फ खोटा लिहिला नाही' म्हणायचे." १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या या मुलखात अशा शब्दांची ओळख करून द्यावी लागत नाही.

या कसोटीवर ब्राउझर सरळ उत्तीर्ण. पानावर लिहिलेलं मराठी क्रोम जसं दाखवतो तसंच छापतो. क्यूटीही उत्तीर्ण. हे नॉर्वेत जन्मलेलं, १९९५ पासूनचं फ्रेमवर्क, त्याच्यातही हार्फबझच आहे. पायथनमधून ते वापरता येतं आणि काम चोख होतं. पण क्यूटी ६ विंडोज ७ वर चालत नाही आणि ५ वर नवं काम सुरू करायचं मन होईना. त्याला मी दोनच दिवस दिले.

शेवटचा डेस्कटॉप उमेदवार डब्ल्यूपीएफ. मायक्रोसॉफ्टचं, सी शार्पमधून लिहायचं, २००६ पासूनचं. पुण्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी नाव ऐकूनच "अजून ते वापरतात?" असं विचारलं. मी डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर लिहिलं, कारण ते विंडोज ७ वरही बसतं. सी शार्प मला येत नव्हती, तरी तिसऱ्या दिवशी स्क्रीन उभा राहिला. आणि काट्याच्या त्या म्हाताऱ्या संगणकावर तो जुन्या सॉफ्टवेअरइतकाच चटकन उघडला. काट्याचं वजन सीरियल पोर्टवरून वाचायची सोय तयारच होती. अक्षरं जुळवलेली. मुनीमजींनी घरी येऊन वीस पट्ट्या भरल्या: सरासरी सव्वीस सेकंद. माझ्या सगळ्या प्रयोगांत हा सर्वात चांगला वेळ.

आणखी एक गोष्ट, जी तक्त्यांत क्वचितच सांगितली जाते. सी शार्पमध्ये पैशासाठी दशांशाचा वेगळा प्रकार आहे. जावास्क्रिप्टमधल्या साध्या संख्या द्विमान अपूर्णांकात साठवल्या जातात, तिथे ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ न येता शेवटी कुठेतरी ४ चिकटून येते. एका पट्टीत हे दिसत नाही. दिवसाच्या दीडशे पट्ट्यांचा रोजमेळ लावताना एखाद्या पैशाचा फरक पडतो, आणि मुनीमजी त्या एका पैशासाठी दुकान बंद करत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं एक पैसा चुकला म्हणजे हिशोबच चुकला. मला हे शिस्तीचं वाटलं, आणि रकमेचा प्रत्येक हिशोब जिथे खरा दशांश आहे तिथेच करायचा हे मी तेव्हा ठरवलं.

मग डब्ल्यूपीएफच का घेतलं नाही? याचं उत्तर मला प्लग ओढताना मिळालं.

प्लगचा प्रयोग मी दोन प्रकारे केला. एकदा डेटा त्याच संगणकावर एसक्यूलाइट या एका फाइलीच्या डेटाबेसमध्ये ठेवून आणि एकदा दुसऱ्या संगणकावरच्या पोस्टग्रेस या सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये ठेवून. प्रत्येकी वीस वेळा. दोन्हीकडे एकही पट्टी अर्धवट राहिली नाही. एक तर पूर्ण होती किंवा नव्हतीच. मुनीमजींना हे चमत्कारासारखं वाटलं, म्हणून मी समजावून सांगितलं: हे डेटाबेस कोणताही बदल मूळ जागी करण्याआधी काय बदलतोय किंवा आधी काय होतं हे एका वेगळ्या नोंदीत लिहितात, ती नोंद डिस्कवर पक्की झाली की मगच पुढे जातात. मधे लाईट गेली तर परत आल्यावर ती नोंद वाचून ताळा लावतात. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आधी कीर्द, मग खतावणी. मग ह्यात नवीन काय? आम्ही असंच शिकलाव." कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंदवही, खतावणी म्हणजे तिच्यावरून उतरवलेली खाती. मी सहा वर्षांत हा विषय कितीतरी जणांना समजावला होता, इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी सांगता आला नव्हता.

तर फरक डेटाबेसमध्ये नव्हता, डेटा कुठे राहतो यात होता. दुकानात तीन संगणक: दोन काउंटरवर, एक काट्याजवळ. एसक्यूलाइटची फाइल शेअर फोल्डरमध्ये ठेवून तिघांनी लिहायचं ठरवलं तर फेब्रुवारीचीच गोष्ट पुन्हा घडायची भीती. नेटवर्कवरच्या फाइलला कुलूप लावणं भरवशाचं नसतं, आणि एसक्यूलाइटचे कर्तेच तसं करू नका म्हणून सांगतात. म्हणजे एक सर्व्हर लागणारच. आणि एकदा दुकानात सर्व्हर आला की मग प्रत्येक संगणकावर वेगळं ॲप्लिकेशन कशाला? तीन ठिकाणी बसवा, तीन ठिकाणी बदला, एकावर जुनी आवृत्ती राहिली की हमालीचा दर चुकला. मालकांच्या मोबाइलसाठी वेगळं लिहा. हे सगळं करणारी मी एकटी.

आतापर्यंत मी 'वेब' म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, दूर कुठेतरी, असंच धरून चालले होते. पुण्यात ते तसंच असायचं. इथं नाल्यासाठी रस्ता खोदला की केबल तुटते आणि दुपार जाते, म्हणून वेब मी पहिल्याच दिवशी बाद केलं होतं. पण वेब ॲप्लिकेशन दुकानातल्या दुकानातही चालू शकतं. सर्व्हर मालकांच्या गादीमागच्या कपाटात, तारा भिंतीवरून, नेट असो नसो. हे इतकं साधं आहे की मला दोन महिने का सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

तिथून पुढे काम वेगानं झालं. सर्व्हरवर जँगो घेतलं. पायथनचं हे फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. लाराव्हेलचाही विचार केला होता. २०११ पासूनचं पीएचपीचं हे फ्रेमवर्क जाणणारे लोक आपल्याकडे जास्त सापडतात, ही त्याची मोठी बाजू. पण जँगोची आवृत्त्यांची पद्धत मला या दुकानासाठी योग्य वाटली. दर दोन वर्षांनी एक दीर्घ आधाराची आवृत्ती येते आणि तिला साधारण तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, तारखा आधीच जाहीर असतात. मी ४.२ घेतली, तिची मुदत एप्रिल २०२६. पट्टीची रक्कम जँगोच्या दशांश प्रकारात आणि पोस्टग्रेसच्या दशांश रकान्यात. मुनीमजींचा पैसा जागेवर.

काउंटरच्या बाजूला मी मुद्दाम कोणतंही मोठं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क घेतलं नाही. रिॲक्ट मला चांगलं येतं, आणि ज्या स्क्रीनवर शंभर गोष्टी एकमेकींवर अवलंबून हलतात तिथे मी तेच वापरीन. पण २०१९ मध्ये लिहिलेला माझाच एक छोटा प्रकल्प मी सहज उघडून बघितला तर तो पुन्हा बांधताच येईना. ज्या पॅकेजांवर तो उभा होता त्यांतली अर्धी बदललेली, काही सोडून दिलेली. फ्रेमवर्कच्या बाबतीतही हे घडतं: २०१० चं अँग्युलरजेएस एके काळी सगळीकडे होतं, २०२१ च्या अखेरीला त्याचा आधार संपला. पट्टीचा स्क्रीन म्हणजे बारा रकाने. त्याला सर्व्हरवरून आलेलं साधं पान आणि तीनशे ओळींची माझी स्वतःची जावास्क्रिप्ट पुरली. विंडोज ७ वरच्या क्रोम १०९ मध्येही ते निमूट चालतं. तो संगणक बाहेरच्या नेटपासून तोडलाय, फक्त दुकानाच्या सर्व्हरशी बोलतो.

सगळं सोपं गेलं असं नाही. ब्राउझरचा कीबोर्ड हा आपला नसतो. मुनीमजींचं बोट एफ५ वर जायचं आणि पान नव्यानं उघडायचं, भरलेली पट्टी पुसली जायची. ते अडवता आलं. पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन पट्टी कंट्रोल-एनवर होती, आणि साध्या टॅबमध्ये क्रोम ती कळ पानाला देतच नाही, नवीन खिडकी उघडतो. शेवटी नवीन पट्टी एफ२ वर नेली. एंटर दाबल्यावर पुढच्या रकान्यात जायचं, फॉर्म पाठवायचा नाही, हेही ब्राउझरला शिकवावं लागलं. पहिल्या आठवड्यात पट्टीला सदतीस सेकंद लागत होते. मुनीमजी काही बोलले नाहीत, पण मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनीच सुचवलं की नाव टाइप करण्यापेक्षा मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून नाव यावं. ते केलं आणि पट्टी चोवीस सेकंदांवर आली.

काट्याचंही तसंच. क्रोम २०२१ पासून सीरियल पोर्ट वाचू देतो, पण पान सुरक्षित जोडणीवरून आलेलं असेल तरच. दुकानातल्या साध्या पत्त्यावर ते चालत नाही. पायथनमध्ये छोटा मदतनीस लिहावा म्हटलं तर विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८, तिचीही मुदत त्याच वर्षी संपत होती. तेव्हा डब्ल्यूपीएफच्या वेळी शिकलेली सी शार्प कामाला आली. डॉट नेट ४.८ वर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: काट्याचं वजन वाचतो, सर्व्हरला देतो, आणि पट्टी आली की छापतो. चार दिवसांच्या त्या प्रयोगातला निम्मा कोड तसाच वापरला.

छपाईनं मात्र शेवटपर्यंत छळलं. डॉट मॅट्रिक्सच्या स्वतःच्या अक्षरांत सहसा देवनागरी नसते. मराठी छापायचं तर सगळं पान चित्र म्हणून पाठवावं लागतं आणि सुई ओळीमागून ओळ टिपत बसते. एक पट्टी पाऊण मिनिट. सोयाबीनच्या हंगामात दुकानापुढे ट्रॅक्टरची रांग असताना हे चालणारं नव्हतं. लेझर प्रिंटरवर कार्बन निघत नाही. मी थर्मल प्रिंटरचा विचार करत होते, पण त्याची अक्षरं काही महिन्यांत उडतात, आणि पट्टी जपून ठेवणाऱ्याला कोरा कागद हातात देणं बरोबर नाही. एका संध्याकाळी मुनीमजींनी जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे आखून दाखवलं: "ताई, मथळा, हमाली, तोलाई, एकूण, हे सगळं दररोज तेच असतंय. ते छापखान्यातून छापून आणा. मशीननं नुसतं नाव आणि आकडे टाकावेत." तसंच केलं. आकडे प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत, झरझर. चित्र म्हणून जातात फक्त दोन ओळी, शेतकऱ्याचं नाव आणि गाव. पट्टी नऊ सेकंदांत बाहेर पडते आणि नाव पूर्ण, न मोडता.

जुना डेटा नव्यात आणताना कऱ्हाळे आडनावानं एक दिवस खाल्ला. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणल्यावर एकाच शेतकऱ्याची दोन खाती दिसू लागली, दोन्हींवर तंतोतंत तेच नाव. 'ऱ्ह'मधला आडवा रफार युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात आणि संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. नाव साठवण्याआधी एका रूपात आणायचा नियम घातला. कोणत्याही फ्रेमवर्कनं हे स्वतःहून केलं नसतं. मराठीपुरता हा भाग आपल्यालाच करावा लागतो.

दसऱ्यानंतर सोयाबीन सुरू झालं. पहिल्या पंधरवड्यात लाईट कितीदा गेली ते मोजलं नाही. नवा यूपीएस सर्व्हरला वीस मिनिटं धरतो, काउंटर बंद पडले तरी पट्ट्या कपाटात सुरक्षित. मालकांच्या मोबाइलवर दिवसाचा गोषवारा नेट असेल तेव्हा जातो, देवनागरी आकड्यांत, लाख-हजाराच्या स्वल्पविरामांसह. २०२५ च्या पावसाळ्यात, आवक थंड असताना, एका रविवारी मी जँगो ५.२ वर आणलं. ती एप्रिल २०२८ पर्यंत चालेल. एकच संगणक बदलायचा होता, दुपारी जेवायला घरी होते.

त्या सोमवारी मुनीमजींनी फोन केला. काही बिघडलं की काय म्हणून मी घाईनं उचलला. ते म्हणाले, "काळे कावळ्यांच्या आधी कसे आलेत? खतावणीत काळे शेवटी असतात." युनिकोडच्या तक्त्यात ळ हा लच्या लगेच पुढे, वच्या आधी बसवलाय, आणि आपल्या मुळाक्षरांत तो हच्याही नंतर येतो. पोस्टग्रेसला नावाच्या रकान्यासाठी मराठीची क्रमवारी वापरायला सांगितली, एका ओळीचा बदल. मंगळवारी सकाळी त्यांनी पुन्हा यादी काढून बघितली. कावळे, काशीद, कासले, आणि मग काळे.